आबांनी घातलेला घाट

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या सिटी बसमध्ये. दारापाशी घोळका करून उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांना ते हात हलवून अस्सल कोल्हापुरी मराठीत सांगत होते, "पुढं सरका, पुढं सरका. पुढं रिकामंच हाय की सगळं!" आणि पोरं सरकत होती. त्यांना शब्द कळला नव्हता, पण आवाजातला हुकूम कळला होता.

मी त्याच बसनं 'ते रापा' नावाच्या उपनगरात खोली बघायला निघालो होतो. पत्ता शोधत दारात पोचलो, तर तेच गृहस्थ पायात इथल्या रबरी सपाता, म्हणजे जांडल्स, अंगात स्वेटर आणि डोक्यात कानटोपी घालून दार उघडायला आले. "मगाशी तिसऱ्या सीटवर तूच बसला हुतास न्हवं?" म्हणाले. "म्हातारी बाई उभी हुती, तरी उठला न्हाईस." माझी मुलाखत तिथंच संपली असं मला वाटलं. पण खोली मिळाली, आणि पुढची तीन वर्षं मी त्या घरात राहिलो.

घर त्यांच्या मुलाचं. तो दूध पावडरीच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीयर होता, मी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये. त्याला मी दादा म्हणायचो, बायकोला वहिनी. आबा वर्षातले सहा-सात महिने इकडे आणि उरलेले गावी, गगनबावड्याच्या अलीकडे. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर. त्यातली बहुतेक कोल्हापूरहून कोकणात घाट उतरायचा आणि परत चढायचा, यात गेलेली.

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातली नोकरी गेली नव्हती. घरातून कुणी बाहेर पडलं की ते दारात उभं राहून माणसं मोजायचे. गाडी मागे घेताना दादाला मागून "येऊ द्या, येऊ द्या, बास!" ऐकावंच लागायचं. गाडीला मागचा कॅमेरा होता. "कॅमेऱ्याला काय कळतंय?" असं म्हणून आबा गाडीच्या पाठीवर दोन थापा मारायचे, आणि त्या थापा पडल्याशिवाय दादाचाही पाय ब्रेकवरून उठत नसे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जेवण झालं की ते सिटी बसमध्ये जाऊन बसत. कुठं जायचं नसायचंच. इथल्या बसला कंडक्टर नसतो, याचा त्यांना पहिल्या वर्षी फार धक्का बसला होता. "देऊळ बांधलं, पुजारी ठेवला न्हाई," म्हणायचे. मग त्यांनी स्वतःच ती उणीव भरून काढली. स्टॉप आला की मोठ्यानं नाव पुकारायचं, बाळाची गाडी घेऊन चढणाऱ्या बाईला हात द्यायचा, शेवटचा माणूस उतरला की "चला!" म्हणायचं. त्या रूटची ड्रायव्हर एक धिप्पाड माओरी बाई होती. आबा चढले की ती "किआ ओरा, पापा!" असा माओरीत नमस्कार करायची आणि ते "चला"ची परवानगी देईपर्यंत गाडी हलवायची नाही. नात मात्र शाळेतून येताना त्यांना त्या बसमध्ये पाहून सीटखाली लपायची. "आबा, दॅट्स सो एम्बॅरसिंग!" असं ती घरी येऊन सांगायची, आणि आबा वहिनींना विचारायचे, "काय म्हणती?" वहिनी म्हणायच्या, "तुमचं कौतुक करतेय."

बोलिव्हिया आमच्या घरात आला तो लायब्ररीतून. आबांना इंग्रजी वाचता येत होतं, पण त्यांना चित्रांची जाड पुस्तकं आवडायची. एकदा त्यांनी जगातल्या रस्त्यांचं एक पुस्तक आणलं. त्यात एका पानावर हिरवागार सरळसोट कडा, कड्याला नखानं ओरखडा काढावा तसा रस्ता, आणि त्या रस्त्यावर एक बस. बसचं मागचं चाक अर्धं हवेत. आबांनी ते पान पहिल्या दिवशी मला दाखवलं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला, आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक पुढ्यात घेऊन नुसतेच बसून राहिले. मुदत संपली की परत नेऊन पुन्हा आणायचे. असं चार वेळा झालं. मग एका रविवारी पोहे खाताना म्हणाले,

"हा घाट मला बघायचाय."

दादा म्हणाला, "यूट्यूबवर असेल. लावून देतो."

"टीव्हीवर न्हाई. गाडीत बसून."

"आबा, तो दक्षिण अमेरिकेत आहे."

"म्हाईत हाय मला. ऑकलंडवरनं सँटियागो, तिथनं ला पाझ. लायब्ररीतल्या बाईनं काढून दिलंय." आणि खिशातून कागद काढून त्यांनी बशीशेजारी ठेवला.

त्यानंतर महिनाभर त्या घरात दुसरा विषय नव्हता. दादा म्हणायचा, "तुमचं वय एकोणसत्तर आहे." आबा म्हणायचे, "मग सत्तरी लागायच्या आत जायला पायजे." दादानं त्यांना डॉक्टरकडे नेलं, या आशेनं की डॉक्टरच नाही म्हणेल. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या, आबांचं हृदय उत्तम आहे म्हणाला, आणि दादाचं ब्लडप्रेशर बघून त्याला गोळ्या सुरू केल्या. शेवटी दादानं शरणागती पत्करली. "निदान माझ्या पैशानं चांगल्या टूरबरोबर जा," म्हणाला. तर आबा म्हणाले, "तुझ्या पैशानं गेलो की तुझ्या मनासारखं जावं लागतंय. माझी पेन्शन साठल्या. त्यात बसंल तेवढंच आणि तसंच जाणार."

राहता राहिला सोबतीचा प्रश्न. आमच्या कारखान्यात जून-जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, गाई आटतात आणि दूध येत नाही, त्यामुळे लॅबवाल्यांना सुट्टी आणि मेंटेनन्सवाल्यांना वर्षाचं सगळ्यात जास्त काम. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला तेव्हा एकतिसावं लागलं होतं, प्रवासाची हौस होती, फोनवर स्पॅनिश शिकायचा नाद लागला होता. दादा मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. "हे बघ," म्हणाला, "आयुष्यभर ते ड्यूटीवर होते. माझ्या लहानपणी घरी असायचे ते दोन तास. आत्ता कुठं मला बाप मिळालाय. परत आण त्यांना." त्याला पुढं बोलता येईना, म्हणून त्यानं मला एक टॉर्च दिला.

मी नवी बॅकपॅक आणली होती. आबांनी ती बघून नापसंतीनं मान हलवली. "पाठीवर बॅग म्हंजे मागच्याच्या तोंडात बॅग. पोटाशी धरायची." त्यांच्यासाठीही तशीच एक आणली, तर ती त्यांनी पूर्ण प्रवासभर पुढून, छातीवर लहान मूल बांधावं तशी घातली. ला पाझमध्ये बायका पाठीला रंगीत कापडात खरंच मुलं बांधून हिंडतात, लांब घेरदार झगे आणि डोक्यावर काळी गोल साहेबी टोपी. त्या आबांकडे बघून तोंडाला पदर लावावा तशा हसायच्या. आबांनाही त्या फार आवडल्या. "पाठीला पोर, डोक्यावर साहेबाची टोपी, आणि हातात धंदा. बाई असावी तर अशी," म्हणाले.

राहायला आम्ही आठ खाटांच्या एका खोलीत होतो. उरलेल्या सहा खाटांवर विशी-बाविशीची पोरंपोरी. आबा सकाळी सहाला उठून सगळ्यांना "उठा, पाणी गरम हाय तवर आंघोळी उरका" असं सांगत. तिसऱ्या दिवसापासून ती फ्रेंच आणि जर्मन मुलं खरोखरच रांगेनं आंघोळीला जाऊ लागली. जेवण बाजारात, कामगार जेवतात तिथं. पहिल्याच दिवशी शेंगदाण्याचं गरमगरम सूप पुढ्यात आलं. आबांनी एक घोट घेतला, चमचा खाली ठेवला आणि त्या स्वयंपाकिणीकडे बघून हात जोडले. "दाण्याची आमटी! लेका, इतक्या लांब येऊन उपास घडला."

भाषा त्यांना कुठंच आडवी आली नाही. ते सगळ्यांशी मराठीच बोलत. ला पाझच्या बस स्टँडवर गावांची नावं पुकारायला बायका उभ्या असतात. एक बाई "ओरुरो, ओरुरो, ओरुरोऽऽ" असं सूर लावून ओरडत होती. आबा तिथं खिळून उभे राहिले. पाच मिनिटांनी म्हणाले, "आवाज बरा हाय, पण शेवट खाली पडतोय." आणि तिच्या शेजारी जाऊन त्यांनी हात तोंडाशी नेला. "ओरुरो, ओरुरो, ओरुरोऽऽय!" अख्खा स्टँड वळून बघायला लागला. ती बाई आधी दचकली, मग पोट धरून हसली, मग तिनं त्यांच्यासारखा शेवट वर उचलून पाहिला. आमची बस भरेपर्यंत दोघं मिळून पुकारत होती. मी आयुष्यात इतका आनंदी चेहरा फार थोड्या वेळा पाहिलाय.

घाटाआधी थोडा देश बघावा म्हणून धरलेली ती ओरुरोची बस मात्र मला लाभली नाही. ला पाझ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, हवा विरळ. आम्ही निघताना सगळ्यांनी आबांची काळजी केली होती. आबा टुणटुणीत होते, आडवा झालो तो मी. डोकं फुटायला लागलं, पोटात काही ठरेना. आबांनी मला ओरुरोला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणाली, हा उंचीचा त्रास आहे, आजच खाली जा, कोचाबांबाला उतरा, तिथं बरं वाटेल. आम्ही लगेच कोचाबांबाची बस धरली. दोन तासांनी, उघड्याबोडक्या माळावर, गाडी थांबली ती थांबलीच.

पुढे रस्त्यावर दगड मांडले होते. टायर जळत होते. डिझेल मिळत नाही म्हणून ट्रकवाल्यांनी आणि मिनीबसवाल्यांनी रस्ता अडवला होता. आमच्या पुढे दीड-दोन किलोमीटर गाड्यांची रांग. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि बोटं दाखवली. दोन दिवस, नाहीतर तीन.

मला त्यापुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी दोनदा खिडकीतून ओकलो. मग मी आबांना विचारलं म्हणे, की आपण ते रापाला पोचलो का? त्या प्रश्नानं आबांचा चेहरा बदलला. त्यांनी मला उठवलं, दोन्ही बॅगा छातीवर एकावर एक अडकवल्या, माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि चालायला लागले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, चार हजार मीटरवर. दर शंभर पावलांना थांबायचे. "चल लेका. पुढं जागा हाय. पुढं सरक," एवढंच सांगत होते.

दगडांपाशी पंधरावीस माणसं बसली होती. एकानं उठून हात आडवा केला. मी काही स्पॅनिश बोलायचा प्रयत्न केला, तोंडातून शब्दच येईना. तेव्हा आबांनी मला एका दगडावर टेकवलं, स्वेटर वर करून शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला आणि पितळी बिल्ला काढला. कंडक्टरचा बिल्ला, नंबर झिजून पुसट झालेला. तो त्यांनी तळहातावर धरून त्या माणसासमोर केला.

"कंडक्टर," म्हणाले. "बस. एकतीस वर्षं." तीन बोटं, मग एक बोट. मग त्यांनी दगडांकडे बोट दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आमीबी केलाय संप. घरात चूल पेटत न्हवती. मला म्हाईत हाय. बसा तुम्ही, हटू नका." मग माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज फुटला. "पण हे पोर माझं न्हाई रे. दुसऱ्याचं हाय. मला ते परत द्यायचंय."

हे सगळं मराठीत. त्या माणसानं बिल्ला हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि मागच्यांकडे दिला. बिल्ला हातोहात फिरला. त्यांच्यातला एक पिकल्या मिशांचा माणूस उठला, त्यानं आबांना "कोम्पान्येरो", म्हणजे सोबती, अशी हाक मारली, आपल्या शेकोटीवरचा पाल्याचा चहा दोघांना दिला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या स्वतःच्या मिनीबसचं दार उघडलं. तिच्यात डिझेल किती होतं, देव जाणे. चार तासांत त्यानं आम्हाला कोचाबांबाला उतरवलं. आबांनी पैसे पुढे केले, तर त्यानं पैशांसकट त्यांची मूठ मिटवून ती परत त्यांच्या छातीवर नेऊन ठेवली.

दोन दिवसांत मी उठून बसलो. आबा खाटेशेजारी संत्री सोलत होते. मी म्हटलं, "आबा, दादाला यातलं काही सांगू नका." ते म्हणाले, "मी कशाला सांगू? तुला उलट्या झाल्या, तुझी अब्रू जाईल."

पण त्यांनीच सांगितलं. परत आलो तेव्हा ऑकलंडच्या विमानतळावर दादा, वहिनी, नात सगळे आले होते, आणि ते रापाला पोचेपर्यंत दीड तास आबांनी मागच्या सीटवरून अख्खा प्रसंग हातवाऱ्यांसकट सांगितला. ती नात, जी एरवी कानात काहीतरी खुपसून बसायची, ती मध्येच म्हणाली, "मग? मग काय झालं, आबा?" मराठीत. दादानं आरशातून मागं पाहिलं, आणि वहिनींनी त्याला समोर बघायला सांगितलं.

घाटाचं सांगायचं राहिलंच.

मला बरं वाटल्यावर आणि रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही बेताबेतानं ला पाझला परतलो. चित्रातल्या त्या जुन्या रस्त्यानं आता बस जात नाही. नवा रस्ता झालाय. जुन्यावरून हौशी लोक सायकली घेऊन उतरतात आणि त्यांच्यामागून एक व्हॅन हळूहळू जाते, कुणी दमलं तर उचलायला. तसल्या एका व्हॅनमध्ये आम्हाला स्वस्तात दोन जागा मिळाल्या. ड्रायव्हर पन्नाशीचा, अबोल. आबांनी आधी व्हॅनला एक फेरी मारली, चारी टायरांना लाथ घालून पाहिली, आणि मग ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा धरली.

खिंडीत बर्फ होतं. निघण्याआधी ड्रायव्हरनं एका बाटलीतून चाकांवर आणि जमिनीवर थोडी दारू शिंपडली, धरणीमातेसाठी. आबांनी हात जोडले. "आमच्यात नारळ असतोय," त्याला म्हणाले. "पण चालतंय."

मग उतार सुरू झाला. बोलिव्हियात ड्रायव्हर गाडीत डावीकडे बसतो आणि गाड्या एरवी उजवीकडून चालतात, पण त्या रस्त्यावर मुद्दाम डाव्या बाजूनं चालतात, म्हणजे ड्रायव्हरला आपलं चाक कड्याच्या नेमकं किती काठावर आहे ते वाकून दिसतं. आबांनी हे पहिल्याच वळणाला ओळखलं आणि खूश होऊन माझ्या मांडीवर थाप मारली. दुसऱ्या वळणाला ढग खाली आले. तिसऱ्या वळणाला एक धबधबा थेट टपावर कोसळला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाहेर ढग फाटले होते आणि चाकाखालून सरळ खाली, कुठवर कोण जाणे, हिरवी दरी गेली होती. पुस्तकातलं तेच पान.

"आबा, बघा! बघा!"

आबांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ते झोपले होते. तोंड उघडं, दोन्ही हात छातीवरच्या बॅगेवर. मी त्यांना हलवणार होतो. हात उचललाही होता. पण इतकी गाढ, इतकी बिनघोर झोप मी कुठल्याच म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर पाहिली नव्हती. मी हात खाली घेतला. जवळजवळ तीन तास मी खांदा हलवला नाही. त्यांच्या वाटचा घाट मीच बघत राहिलो.

खाली पोचलो तेव्हा हवा उबदार झाली होती, केळीची झाडं लागली होती. गाडी थांबताच आबा खडबडून जागे झाले. कमरेला हात गेला, तिकिटांची पिशवी चाचपायला. मग त्यांनी बाहेर पाहिलं.

"आलं?"

"आलं, आबा."

"आणि घाट?"

माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "उतरलो आपण. तुम्ही झोपला होता. मला उठवावंसं वाटेना."

 मला वाटलं, आता हे रडतात की मला बडवतात. ते खाली उतरले, वर धुक्यात गेलेल्या त्या कड्याकडे बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. मग हसायला लागले. आधी हळू, मग अंग गदगदून.

"एकतीस वर्षं," डोळे पुसत म्हणाले, "त्या घाटात लोक झोपायचे लेका. पार घोरत. एवढा मोठा कडा बाजूला, आणि ह्यांना झोपा येत्यात कशा, म्हणून मी बघत उभा राहायचो. मला कधी झोप आली न्हाई. ड्यूटीवर न्हाईच, पण सुट्टीला पाव्हण्याकडं जाताना गाडीत बसलो तरी न्हाई. डोळा म्हणून लागायचा न्हाई."

ते ड्रायव्हरकडे गेले. तो बॉनेट उघडून पाणी बघत होता. आबांनी त्याचा काळाकुट्ट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मला म्हणाले, "सांग ह्याला. ह्याच्या गाडीत मला झोप लागली म्हणावं."

मी सांगितलं. ड्रायव्हरचा चेहरा पडला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला रस्ता कंटाळवाणा वाटला. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, अडखळत, सगळं सांगितलं. की हे कंडक्टर होते. असल्याच घाटात, एकतीस वर्षं, उभ्यानं. की आयुष्यात पहिल्यांदा हे गाडीत झोपले, ते आज, तुझ्या.

ड्रायव्हरनं आबांकडे पाहिलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.